डावा कोपरा

"अंगावर लोखंड काही?" इरफाननं विचारलं.

"काही नाही."

"पिना, किल्ल्या, बांगड्या?"

"नाही म्हटलं की."

"मग गळ्यात ते काय आहे, ताई?"

आक्कानं गळ्याशी हात नेला आणि स्वतःच चमकली. हॉस्पिटलच्या निळ्या अंगरख्याच्या आतून तिनं काळ्या दोरीतली शिट्टी बाहेर काढली. स्टीलची, तोंडाशी घासून गुळगुळीत झालेली. ती अंगावर आहे हेच ती विसरून गेली होती.

"ही आत नेली तर मशीन ओढून घेईल," इरफान म्हणाला. "गोळीसारखी सुटेल."

"माझ्या गळ्यातली शिट्टी ओढून घेणारा अजून जन्माला यायचाय," आक्का म्हणाली. पण तिनं दोरी डोक्यावरून काढली आणि माझ्या हातात ठेवली. "सुक्या, जपून ठेव. वाजवू नको. इथली माणसं पळायला लागतील."

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. इरफान मुजावर मिरजेतल्या एका हॉस्पिटलात एमआरआय मशीनवर काम करत होता. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, त्रिशला मगदूम. मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका आणि त्याआधी बारा गावांच्या मैदानांवर नाव असलेली कबड्डीपटू. तिची चढाई लोक बैलगाडीवर उभं राहून बघायचे. मी तिच्याहून सात वर्षांनी लहान. लहानपणी तिला सरावाला कुणी मिळालं नाही की ती मला अंगणात उभं करायची. माझ्या हातापायांवरचे बरेचसे व्रण तिच्या खात्यावर आहेत. मोठा झाल्यावर मी सांगलीतल्या एका दैनिकात क्रीडा पान बघू लागलो, त्यामागेही कारण तीच असावी.

आक्काला जन्मापासून एकच किडनी होती. ही गोष्ट तिला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, पाय सुजले म्हणून सोनोग्राफी केली तेव्हा कळली. आणि ती एकुलती एक किडनी खराब होत चालली होती, हेही तेव्हाच कळलं.

त्या दिवशी सकाळी डॉ. मृदुला बर्वे यांनी आम्हाला समोर बसवून सगळं नीट सांगितलं होतं. बाई शांत होत्या. समोरच्याला प्रश्न सुचेपर्यंत थांबायची त्यांना सवय होती.

"किडनी दोन तऱ्हांनी बिघडते," त्या म्हणाल्या. "एक म्हणजे सूज. सूज औषधानं उतरू शकते. दुसरं म्हणजे व्रण. जखम भरल्यावर कातडी कशी घट्ट होते, तसा आत घट्ट, निकामी भाग तयार होतो. तो परत येत नाही. तुमच्या किडनीत सूज किती आणि व्रण किती, हे मला कळायला हवं."

"मग बघा की," आक्का म्हणाली.

"एरवी सुई घालून बारीकसा तुकडा काढतो आणि तपासतो. पण तुम्हाला एकच किडनी आहे. रक्तस्राव झाला तर?"

"राखीव खेळाडू नाही."

"अगदी बरोबर. म्हणून मी एमआरआय करायचं ठरवलंय. फोटो उठून दिसावेत म्हणून शिरेतून औषध देतात, ते द्यायचं नाही. अशा किडनीला ते धोक्याचं असतं. नुसतं चुंबकावर बघायचं. किडनीत पाण्याचे कण किती मोकळे फिरतात ते या मशीनला कळतं. व्रण असेल तिथं ते अडतात. हा शेवटचा शब्द नव्हे, या पद्धतीचा अजून अभ्यासच चालू आहे. पण अंदाज येईल."

"आणि सगळा व्रणच निघाला तर?"

डॉक्टरांनी आक्काच्या डाव्या हाताकडे पाहिलं. "तर सूज उतरवायची औषधं देण्यात अर्थ नाही. नुसता त्रास होईल. मग येत्या सोमवारी हातात फिस्टुला करून ठेवू. धमनी आणि शीर जोडायची, म्हणजे पुढं डायलिसिसला सोपं जाईल. त्या हातावर मार चालणार नाही. ओढाताण नाही, वजन नाही."

आक्कानं तो हात मांडीवर मागं घेतला. मला ते समजलं. ती फळ्यावर आकृत्या काढून शिकवणारी शिक्षिका नव्हती. पोरींच्या मध्ये उभी राहून, त्यांना स्वतःचा हात धरायला लावून, तो हिसकून दाखवून शिकवायची. तो हात गेला म्हणजे मैदान गेलं.

"अजून एक," डॉक्टर म्हणाल्या. "गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या घेत होता, असं मागं म्हणाला होतात. किती?"

"कधीमधी."

"कधीमधी म्हणजे?"

"सामना असला की."

"आणि सामना नसला की?"

"मग सराव असतो."

डॉक्टर हसल्या नाहीत. "किती वर्षं?"

आक्कानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोटं दुमडली, पुन्हा उघडली. "राज्याच्या संघात होते तेव्हापासून," ती शेवटी म्हणाली.

"त्याच गोळ्यांनी ही किडनी बिघडली असावी, असा माझा संशय आहे. तसं असेल आणि अजून वेळ गेली नसेल, तर वाचवायला जागा आहे. म्हणून हा फोटो स्वच्छ यायला हवा. आज दुपारचं मशीन आपल्याला अभ्यासासाठी म्हणून मिळालंय. पुन्हा ते सोमवारच्या आत मिळणार नाही."

दुपारी मशीनची वाट बघत बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा आक्काचा फोन वाजला. त्याच दिवशी इस्लामपूरला शालेय स्पर्धेचा उपांत्य सामना होता आणि तिचा संघ तिच्याशिवाय, शाळेतल्या चौगुले सरांबरोबर गेला होता. आधी डाव्या कोपऱ्यात खेळणारी मुलगी बोलली. आक्कानं तिला बाकावर बसूनच सगळं मैदान मांडून दाखवलं.

"घाई करू नको. चढाईवाली आत आली की पहिल्यांदा तुझा श्वास थांबव. हलवू पण नको. तुझी छाती हलली की तिला कळतं, तू झेपावणार. तू भिंत आहेस असं तिला वाटलं पाहिजे. मग पाय आला की घोटा. व्हय. दे प्राचीला."

प्राची कोळेकर म्हणजे तिची चढाईची पोरगी. अंगानं किरकोळ, पण आक्का म्हणायची की माझ्यानंतर हीच. फोन कानाला लागून असला तरी प्राचीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मॅडम, गुडघा लई सुजलाय. मुडपत नाही. तुमच्या पिशवीतली गोळी घेऊ काय? चौगुले सर म्हटले तुम्हाला विचार."

ती पिशवी मला माहीत होती. हिरव्या रेघांची, कापडी. त्यात दुखऱ्या जागी मारायचा फवारा, पट्ट्या, लिंबाच्या गोळ्या आणि त्या दुसऱ्या गोळ्यांची पाकिटं असायची. सामन्याआधी कुणी लंगडताना दिसलं की आक्का एक गोळी तळहातावर ठेवायची आणि म्हणायची, घे आणि उतर. तिच्या शिक्षकांनी तिला तसंच उतरवलं होतं. आमच्याकडच्या मैदानांवर ही रीतच होती आणि कुणाला तिच्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आक्का एरवी अशा प्रश्नाला लगेच उत्तर द्यायची. त्या दिवशी ती फोन कानाला लावून नुसतीच बसली.

"मॅडम? हॅलो?"

"सामना कधी आहे?"

"चारला."

"मी सांगते. तोवर काही घेऊ नको."

फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "एका गोळीनं काय होतंय, सुक्या?"

तेवढ्यात इरफाननं हाक मारली.

मशीनच्या खोलीला लागून काचेची एक छोटी खोली होती. तिथं पडद्यासमोर इरफान बसला, त्याच्या मागे मी उभा राहिलो. आक्काला पायाकडून आत सरकवलं होतं. तोंडाकडची बाजू बोगद्याच्या तोंडाशी होती, पण काचेतून तिच्या केसांखेरीज काही दिसत नव्हतं. कानांवर मोठे हेडफोन होते.

"किडनी श्वासाबरोबर वर-खाली सरकते," इरफाननं मला सांगितलं. "म्हणून फोटो घेताना श्वास रोखायला लागतो. वीसेक सेकंद. दहा-बारा वेळा." मग तो माईकवर बोलला, "ताई, मोठा श्वास घ्या. धरा. सोडू नका."

मशीन ठणाठणा वाजू लागलं. थांबलं.

"सोडा."

पडद्यावर चित्र उमटलं. किडनी कशी दिसते हे मला माहीत नव्हतं, पण हे चित्र बिघडलं आहे हे मलाही कळलं. कडेला कड नव्हती. एका आकारामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा, ओल्या कागदावर शाई पसरावी तसं सगळं झालं होतं.

"श्वास सुटला ताईंचा," इरफान म्हणाला. "होतं पहिल्यांदा."

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा आणखी वाईट. इरफाननं वेळ कमी केला, छातीवरचा पट्टा घट्ट केला, दोन वेळा आत जाऊन समजावून आला. काही फरक पडला नाही. शेवटी त्यानं फोन उचलून डॉ. बर्वेंना बोलावलं.

त्या आल्या, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून चित्रं एकामागून एक बघत राहिल्या.

"यावरून मी काहीच सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "आकडे काढले तर ते चुकीचेच निघतील. श्वास टिकत नाहीये. फुप्फुसात पाणी झालं असण्याची शक्यता आहे. त्यांना बाहेर घ्या. आधी छातीचा फोटो काढू."

"आणि हा?" मी विचारलं.

"आज राहील. पुन्हा मशीन मिळेपर्यंत मला थांबता येणार नाही, रक्ताचे आकडे तेवढी सवड देत नाहीयेत. हातात काही नसेल तर सोमवारी फिस्टुला करून घेणं शहाणपणाचं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मलाही आवडत नाहीये."

आक्काला बाहेर ओढलं. डॉक्टरांनी तिला तेच शब्द सांगितले, फक्त जास्त सौम्यपणे. आक्का फळीवर उठून बसली. चेहरा सुजलेला होता तरी डोळ्यांत जुनी धग दिसली.

"काय टिकत नाही?"

"श्वास. तुमचा दोष नाही, या आजारात असं..."

"डॉक्टर, कोल्हापूरच्या मैदानात मी एका दमात तिघींना मारून परत आलेय. माझा दम मोजायला पंचांनी दोनदा घड्याळ बदललं होतं." ती इरफानकडे वळली. "मशीन तपासा तुमचं. कुठंतरी ढिलं असेल."

इरफान बिचारा खाली बघून हसला. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप मागवला आणि तिच्या पाठीवर जागोजागी लावून ऐकलं. मग पुन्हा ऐकलं.

"छाती तर मोकळी वाटतेय," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या.

"मग? मी म्हणाले काय!"

"मग श्वास का सुटतोय?"

आक्का आडवी झाली. "आणखी एकदा करा. सुक्याला आत पाठवा. हा समोर असला की मला लाज वाटते हरायची."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. माझा पट्टा, पाकीट, पेन, किल्ल्या सगळं एका ट्रेमध्ये गेलं. सोबत आक्काची शिट्टीही. कानांत कापसासारखे बोळे घालून मी बोगद्याच्या तोंडाशी उभा राहिलो. आता आक्काचा चेहरा मला उलटा दिसत होता. कपाळ खाली, हनुवटी वर.

हेडफोनमधून इरफाननं सांगितलं असणार, कारण तिनं मोठा श्वास घेतला. मशीन वाजू लागलं. आक्कानं डोळे मिटले होते. आणि तिचे ओठ हलत होते.

अगदी बारीक. आवाज नव्हता, किंवा असला तरी त्या गोंगाटात ऐकू येणं शक्य नव्हतं. पण एका लयीत, न थांबता, भराभर हलत होते. ती लय मी लहानपणी इतक्या जवळून पाहिली होती की मला ऐकायची गरजच नव्हती. अंगणात वाकून, हात पसरून ती माझ्याकडे यायची तेव्हा तिचे ओठ असेच हलायचे.

मशीन थांबलं आणि मी हसायला लागलो. काचेपलीकडे डॉक्टर चपापल्याचं मला दिसलं.

"काय झालं रे?" आक्का म्हणाली.

"आक्का, तू चढाईला चाललीयस."

"कुठं?"

"आत्ता. कबड्डी कबड्डी म्हणत होतीस."

"हट्. तोंड मिटून पडलेय मी."

"ओठ हलत होते."

मग तिनं श्वास घेतला, धरला, आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून पाहिलं. बोट थरथरलं. "अगं बाई!" ती म्हणाली.

मी बाहेर जाऊन डॉक्टरांना सांगितलं. चढाई करणाऱ्याला पलीकडच्या अंगणात एकाच श्वासात कबड्डी कबड्डी म्हणत राहावं लागतं. श्वास घेतला की तो बाद. आक्काच्या अंगाला श्वास धरायचा म्हणजे हेच माहीत होतं. बाहेरून धरल्यासारखा, आतून थेंबाथेंबानं सोडत राहायचा. आणि जेवढा तो सुटत होता, तेवढी ती एकुलती किडनी हळूहळू वर सरकत होती.

"आत गेलो तेव्हा ओठ हलताना दिसले होते, पण मला वाटलं जप करतायत," इरफान म्हणाला. "बरेच जण करतात. मी कुणाला थांबवत नाही."

डॉक्टर बर्वे पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. "म्हणजे दम जास्त झाला म्हणायचा. सांगा त्यांना, ओठ हलवू नका म्हणून."

सांगितलं. आक्कानं ओठ घट्ट मिटले. चित्र थोडं सुधारलं, पण कड आली नाही. ओठ थांबले तरी घसा थांबत नव्हता. पुढच्या वेळी तिनं जीभ दातांत धरली, आणि मग सगळं लक्ष जिभेकडे गेल्यानं श्वासच सुटला.

"सवय आहे," डॉक्टर म्हणाल्या. "थांबवायची म्हटली की जास्तच होते. वेळ संपत आलाय."

मला मघाचा फोन आठवला.

"मला माईकवर बोलता येईल का?" मी विचारलं.

इरफाननं डॉक्टरांकडे पाहिलं, मग खुर्ची थोडी बाजूला सरकवली आणि लाल बटण दाखवलं. "हे दाबून बोला. मी बोट वर केलं की धरायला सांगा, खाली केलं की सोडायला."

मी बटण दाबलं. "आक्का, ऐकू येतंय?"

"बोल."

"चढाईला जाऊ नको. तू डाव्या कोपऱ्यात उभी आहेस."

आतून तिचा आवाज आला, थोडा रागावलेला. "मी जन्मात कधी कोपऱ्यात उभी राहिलेली नाही."

"पोरींना रोज शिकवतेस की. मघाशीच सांगितलंस. चढाईवाली आली की श्वास थांबव. हलवू पण नको."

"शिकवणं वेगळं."

"मग आज शीक. मी आली म्हटलं की ती आत आली. गेली म्हटलं की गेली. तोवर तू भिंत."

इरफाननं बोट वर केलं.

"आली," मी म्हणालो.

मशीन वाजलं. छातीवरच्या पट्ट्यावरून पडद्याच्या कोपऱ्यात तिच्या श्वासाची रेघ उमटत होती, मी तिच्याकडे पाहत होतो. रेघ हलली नाही. इरफानचं बोट खाली आलं.

"गेली."

पडद्यावर चित्र उतरू लागलं, वरून खाली, एकेक ओळ. एकच आकार. त्याला एकच कड. बाहेरचा थर वेगळा, आतला भाग वेगळा, पेन्सिलनं काढल्यासारखा. इरफाननं जीभ टाळूला लावून चक् केलं. डॉक्टर पुढं वाकल्या आणि त्यांचा हात नकळत माझ्या खांद्यावर आला.

"थांबू नका," त्या म्हणाल्या.

आली. गेली. आली. गेली. शेवटी शेवटी माझाच श्वास अडकत होता, पण आक्का हलली नाही. प्रत्येक वेळी रेघ दगडासारखी स्थिर राहायची आणि गेली म्हटलं की ती एकदम मोठ्यानं हुश्श करायची. मधेच एकदा तिनं विचारलं, "अजून किती वेळा येणार आहे ही भवानी?"

बाहेर आली तेव्हा तिचे केस घामानं कपाळाला चिकटले होते. इरफाननं तिला हात देऊन उतरवलं.

"कसं आलं?" तिनं विचारलं.

"फोटो छान आलेत," डॉक्टर म्हणाल्या. "आत काय आहे ते मी परवा सांगेन. क्ष-किरण विभागातल्या डॉक्टरांबरोबर बसून नीट बघू दे. आज काही बोलले तर ते अंदाजानं होईल."

"बरं," आक्का म्हणाली. एवढंच. मग तिनं शिट्टी गळ्यात घातली आणि माझ्यापुढं हात केला. "माझा फोन."

चारला अजून थोडा वेळ होता. तिथंच, ट्रेशेजारी उभ्या उभ्या तिनं नंबर लावला.

"प्राची? गोळी घेतलीस का? नाही ना? मग घेऊ नको. आणि उतरू पण नको. बस."

पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. मध्ये रडणं होतं.

"ऐकलं. चौगुले सरांना सांग, पिशवीतली सगळी पाकिटं बाहेर काढा. कुणालाच द्यायची नाहीत. होय, कुणालाच. हरू की. हरलो तर हरलो." मग आवाज खाली आणून, "पोरी, गुडघ्याला बर्फ लाव आणि पाय उंचावर ठेवून बाकावर बस. ज्या खेळतील त्यांच्या नावानं ओरड. ते पण खेळणंच आहे."

तिला तेव्हा स्वतःच्या किडनीचा निकाल माहीत नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो.

सामना आम्ही हरलो. ती बातमी त्या रात्री माझ्याच पानावर लागली, चार ओळींची. प्राची कोळेकर दुखापतीमुळं खेळू शकली नाही, असं बातमीत एक वाक्य होतं. ते मी स्वतः लिहिलं आणि एकही शब्द वाढवला नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर बर्वेंनी पडदा आमच्याकडे वळवला.

"खोटं सांगणार नाही. व्रण आहे. हा खालचा भाग बघा, हा गेला. पण हे बाकीचं बघा. इथं सूज आहे आणि इथं पाणी अजून मोकळं फिरतंय. मला जी भीती होती त्यापेक्षा हे बरंच चांगलं आहे."

"म्हणजे सोमवारी?"

"सोमवारी काही नाही. गोळ्या कायमच्या बंद, आणि सूज उतरवायचं औषध सुरू. त्याचा त्रास होईल, तोंड सुजेल, झोप उडेल, चिडचिड होईल."

"चिडचिड होईल हे पोरींना कळणार पण नाही," मी म्हणालो.

"गप," आक्का म्हणाली. डोळे पुसताना तिनं अंगठ्याऐवजी शिट्टीची दोरीच डोळ्यांवर फिरवली.

औषधानं काम केलं. पूर्ण नाही. पण रक्ताचे आकडे चढायचे थांबले, मग थोडे उतरले, आणि एका जागी बसले. तीन महिन्यांनी ती पुन्हा त्या मशीनमध्ये गेली. या वेळी इरफाननंच माईकवर आली आणि गेली म्हटलं. मी बाहेर चहा पीत होतो. पुढच्या काही वर्षांत त्या हॉस्पिटलात किडनीचे असे बरेच फोटो निघाले. इरफान अजून सांगतो की श्वास जमत नसलेल्या माणसाला तो आधी विचारतो, तुम्ही काय खेळायचा, काय गायचा, काय वाजवायचा.

आज आक्काची किडनी पूर्वीसारखी नाही. कधीतरी डायलिसिस लागेल, हे तिला माहीत आहे. पण दोन्ही हात अजून तिचे आहेत आणि ती अजून मैदानात आहे. हिरव्या रेघांची पिशवी फाटली, नवी आली. तिच्यात बर्फाची रबरी पिशवी असते, पट्ट्या असतात, लिंबाच्या गोळ्या असतात. प्राचीच्या गुडघ्याचं पुढं ऑपरेशन झालं, ती दीड वर्ष बाहेर बसली, मग राज्याच्या संघात गेली. आता ती पोलिसात आहे आणि सुट्टीला आली की शाळेच्या मैदानात येते.

परवा मी तिथं गेलो होतो. प्राची चढाईला होती आणि आक्का स्वतः डाव्या कोपऱ्यात उभी होती. लाल मातीत पाय रोवून, हात अर्धवट पुढं, छाती निश्चल. प्राचीनं दोनदा हूल दिली, आक्का हलली नाही. तिसऱ्यांदा पाय आला आणि आक्काच्या हातात घोटा होता. दोघीही मातीत पडल्या आणि हसत सुटल्या. पोरी टाळ्या वाजवत होत्या.

ती बाजूला येऊन बसली, कपाळावरची माती पुसली. आणि इतकी वर्षं मनात असलेला प्रश्न मी तिला तेव्हा विचारला.

"आक्का, त्या दिवशी मशीनमध्ये मी आली म्हणायचो, तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर कोण यायची चढाईला?"

तिला प्रश्नाचं नवल वाटलं नाही. पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला, तो सावकाश गिळला. डॉक्टरांनी पाणीही मोजून प्यायला सांगितलं होतं.

"पहिल्यांदा कोण दिसेना," ती म्हणाली. "मग आली की एक. तशीच वाकून, तसेच हात पसरून. गुडघ्याला पट्टी बांधलेली. थांबायलाच तयार नव्हती."

"कोण?"

"मीच की रे," आक्का म्हणाली. "आणि माझ्यामागं प्राची होती."

मग तिनं शिट्टी तोंडात धरली आणि पोरींना पुन्हा रेषेवर बोलावलं.